डिस्क तुमची, वाटणी दुकानदाराची

मराठीत आपण पुष्कळ गोष्टी मारतो. शिक्का मारतो, सही मारतो, फवारा मारतो, गावातून एक चक्कर मारतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या यादीत एक भर पडली, ती म्हणजे फॉरमॅट मारणे. कॉम्प्युटर हळू चालायला लागला, निळा पडदा दिसला, पासवर्ड विसरला, व्हायरस असल्याचा नुसता संशय आला, तरी उपाय एकच. "आणून टाका, फॉरमॅट मारून देतो." सकाळी मशीन द्यायचं, संध्याकाळी न्यायचं, तीनशे-पाचशे रुपये हातावर ठेवायचे. नेमकं काय मारलं, हे कुणी विचारत नाही.

माझं भांडण या सगळ्या व्यवहारातल्या एकाच पडद्याशी आहे. विंडोज टाका नाहीतर लिनक्स, इन्स्टॉल करताना एका टप्प्यावर तुमच्या डिस्कचे तुकडे दाखवणारी यादी समोर येते आणि नवी सिस्टिम कुठे टाकू, असं विचारलं जातं. बाकीचे प्रश्न किरकोळ असतात. भाषा, कीबोर्ड, वेळ, सगळं नंतर बदलता येतं. हा एक प्रश्न मात्र तुमच्या मालमत्तेबद्दलचा आहे, आणि उत्तर चुकलं तर परतीची वाट नसते. नेमका त्याच वेळी मशीनचा मालक तिथे नसतो. तो शेतात असतो, शाळेत असतो, नाहीतर समोरच्या टपरीवर चहा पीत असतो. त्याच्या डिस्कची वाटणी दुसराच कुणीतरी करून मोकळा होतो. आणि आम्ही शिकलेली मंडळी वर सांगतो की सामान्य माणसाने पार्टिशनच्या नादी लागूच नये. हे मला साफ नामंजूर आहे.

मी आष्टीचा. हे सांगितलं की पुण्यात पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "बीडचं आष्टी ना?" बीडचं नाही, वर्ध्याचंही नाही. जालना जिल्ह्यात, परतूर तालुक्यात आहे ते. (हा नावाचा घोळ लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.) इंजिनिअरिंग करून पुण्यात नोकरीला लागलो तरी दिवाळीत आणि उन्हाळ्यात गावी गेलो की दोन-चार मशीन माझ्या पुढ्यात येतातच. सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, हा गावातला अर्थ मी कधी नाकारलेला नाही. त्यामुळे जेवणं झाली की ओसरीवर माझा दवाखाना सुरू होतो.

२०२५च्या दिवाळीत या दवाखान्यात गर्दी वाढली. कारण साधं होतं. १४ ऑक्टोबर २०२५ला, म्हणजे दिवाळीच्या आधल्या आठवड्यात, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट संपवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसर साधारण २०१८च्या पुढचा लागतो. गावाकडची बहुतेक मशीन सेकंडहँड, शहरातल्या कंपन्यांनी भंगारात काढून विकलेली. ती या परीक्षेत नापास. आता पर्याय काय? नोंदणी करून आणखी एक वर्ष सुरक्षेचे अपडेट घ्यायचे, विंडोज ११ जबरदस्तीने घुसवायचं, लिनक्स टाकायचं, किंवा काहीच न करता देवावर हवाला ठेवायचा. मधले दोन रस्ते थेट त्या पार्टिशनच्या पडद्यावरून जातात, आणि गावातली माणसं दुकानदाराच्या हाताला धरून त्याच रस्त्यांनी निघालेली आहेत. म्हणून हे भांडण आत्ताच करायला हवं.

एक उदाहरण सांगतो. नात्यातले एक मामा कृषी सेवा केंद्र चालवतात. आमच्याकडे खरिपाचं बी-खत बरंचसं उधारीवर जातं, कापूस-सोयाबीन घरात आलं की वसुली होते. त्या उधारीचा सगळा हिशेब एका कॉम्प्युटरवर होता. मशीन अडकायला लागलं म्हणून मामांनी ते एका दुकानात दिलं. कुठल्या ते सांगत नाही, कारण मुद्दा त्या दुकानाचा नाहीच. संध्याकाळी मशीन परत आलं, झकास पळायला लागलं, आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडलं तर कंपनीच दिसेना. दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, फक्त सी मारलाय. डीला हातबी लावला नाही. बघा, सगळं हाय तसंच हाय."

तो खोटं बोलत नव्हता. डीमध्ये सगळं जागच्या जागी होतं. साठ-सत्तर सिनेमे, पुतण्याच्या लग्नाचं शूटिंग, कीर्तनांच्या रेकॉर्डिंग आणि प्रिंटरचा ड्रायव्हर. हिशेबाच्या सॉफ्टवेअरने मात्र आपला डेटा पहिल्या दिवसापासून सीमधल्या फोल्डरमध्ये ठेवला होता. परवान्याची स्कॅन केलेली प्रत, बँकेची कागदपत्रं, घरचे सातबारे, हे सगळं डेस्कटॉपवर होतं, आणि डेस्कटॉप हा सीचाच एक फोल्डर असतो हे मामांना कुणी सांगितलेलं नव्हतं. सिनेमे वाचले, उधारी गेली.

माझ्याकडे मशीन आलं तेव्हा सगळ्यांची आशा एका गोष्टीवर होती, रिकव्हरी सॉफ्टवेअर. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर ही आशा थोडीफार खरी असायची. तिथे फाइल पुसली की आधी फक्त नोंद जाते आणि मजकूर त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत पडून राहतो. पण मामांनी आदल्या वर्षीच वेग वाढावा म्हणून एसएसडी बसवून घेतली होती. एसएसडीवर फॉरमॅट मारला की ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कला कळवून टाकते की एवढी जागा आता रिकामी समज. याला ट्रिम म्हणतात. डिस्क मग आपल्या सवडीने ती जागा खरोखर साफ करते. वर नवीन विंडोजही लिहिलं गेलं होतं. रात्रभर सॉफ्टवेअर चालवलं, हाती काही लागलं नाही. मामांनी पावतीपुस्तकं काढली, आठवून आठवून वही लिहिली, आणि ज्याने जो आकडा सांगितला तो मान्य केला. बहुतेकांनी खरा सांगितला, असं मामा म्हणतात. बहुतेकांनी.

'डी सुरक्षित असतो' ही श्रद्धा आली कुठून? तिचं मूळ फार जुनं आहे. १९८३ साली आयबीएमने पीसी एक्सटी नावाचं मशीन काढलं. त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती. दहा एमबी, म्हणजे आज तुमच्या फोनमधले दोन-तीन फोटो. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी राखलेली असल्यामुळे हार्ड डिस्कच्या वाट्याला सी आलं, आणि फ्लॉपी इतिहासजमा झाली तरी आजही पहिला ड्राइव्ह सीच असतो. त्या मशीनसोबत आलेल्या डॉस २.० मध्ये एक सोय होती. एकाच डिस्कवर वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम नांदाव्यात म्हणून डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये, ५१२ बाइटच्या त्या चिमुकल्या जागेत, एक तक्ता ठेवलेला होता. चार ओळी, प्रत्येक ओळ १६ बाइटची. इथून इथपर्यंत अमक्याची हद्द. बस्स, पार्टिशन म्हणजे एवढंच. चौसष्ट बाइट.

आमच्याकडे वाटणी म्हटलं की सातबारा डोळ्यांसमोर येतो, आणि पार्टिशन समजून घ्यायला त्याच्याइतकी चांगली गोष्ट मला दुसरी सापडलेली नाही. तीन भावांची वाटणी होते तेव्हा जमीन कुठे हलत नाही. माती तीच, विहीर तीच, बांधावरचं कडुनिंबही तेच. फेरफार होतो, नोंद बदलते. डिस्कचंही तसंच आहे. पार्टिशन करताना आत काही कापलं जात नाही, भिंत उभी राहत नाही. हद्दीची नोंद लिहिली जाते. म्हणूनच पार्टिशन नुसतं डिलीट झालं आणि त्यानंतर कुणी काहीच लिहिलं नाही, तर तेवढी नोंद पुन्हा उभी करून सगळा डेटा जिवंत मिळू शकतो. आणि म्हणूनच घाबरून त्याच डिस्कवर लगेच पुन्हा विंडोज टाकणं, हा अंगठा द्यायच्या आधीच शेत नांगरून टाकण्याचा प्रकार आहे.

जुन्या तक्त्याची एक अडचण होती. नोंद एकाच ठिकाणी, ती खराब झाली की गेलं. शिवाय २ टीबीच्या पुढची जमीन त्याला मोजताच येत नव्हती. आता जीपीटी नावाचा तक्ता वापरतात. (चॅटवालं जीपीटी नव्हे. हे त्याच्या खूप आधीचं आहे.) यात साधारणपणे १२८ नोंदींची जागा असते, नोंद बरोबर आहे की नाही हे तपासायचा आकडा असतो, आणि मुख्य म्हणजे तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. एक प्रत फाटली तर दुसरीवरून काढता येते. म्हणजे तंत्रज्ञान बनवणाऱ्यांनी नोंदीची काळजी घ्यायला सुरुवात केली. ज्याची जमीन आहे त्याला मात्र अजून कुणी बोलावलेलं नाही.

तर, डीची श्रद्धा. विंडोज ९८ आणि एक्सपीच्या काळात सिस्टिम वरचेवर कोसळायची. दर सहा महिन्यांनी सी पुसावा लागायचा. त्यामुळे ज्याने कुणी 'आपलं सामान डीमध्ये ठेवा' ही पद्धत पाडली, तो शहाणाच होता. तेव्हा माणूस फाइल सेव्ह करताना ती कुठे ठेवायची हे स्वतः निवडायचा. आता निवडत नाही. ब्राउझर डाउनलोड्समध्ये टाकतो, स्कॅनर पिक्चर्समध्ये टाकतो, व्हॉट्सअॅप आपल्याच कुठल्यातरी खोल फोल्डरमध्ये टाकतं, आणि हे सगळं सीच्या हद्दीत. पद्धत राहिली, तिचं कारण उडून गेलं. दुकानदार आजही इमानदारीने सी वेगळा, डी वेगळा, हौस असेल तर ई आणि एफ वेगळे पाडून देतो. तुमचं सामान मात्र कुणीच त्या डीमध्ये नेऊन ठेवत नाही.

वर आकाराचा गोंधळ. सीला किती जागा द्यायची, हे दुकानदाराच्या हाताला सवयीने पाठ झालेलं असतं. पन्नास जीबी, कुठे शंभर. विंडोज ११ ची किमान मागणीच ६४ जीबीची आहे. दोन वर्षांत सीची पट्टी लाल होते, अपडेट बसेनासे होतात, मशीन अडकतं, आणि शेजारी डीमध्ये तीनशे जीबी ओसाड पडलेली असते. मग काय? पुन्हा फॉरमॅट. सी वाढवायला जावं तर विंडोजचं स्वतःचं साधन फक्त लगत उजवीकडे मोकळी जागा असली तरच वाढवू देतं. मध्ये डी बसलेला आहे. शेजाऱ्याने बांध सोडल्याशिवाय शेत वाढत नाही, तसं हे. आकार बदलणारी दुसरी सॉफ्टवेअर आहेत, पण ती सामान इकडून तिकडे उचलून ठेवतात, आणि मध्येच लाइट गेली तर दोन्हीकडचं जातं. लाइट जाण्याबद्दल मराठवाड्यातल्या वाचकाला मी वेगळं काय सांगणार?

आणि समजा, सामान खरोखर डीमध्ये ठेवलं, तरी तो बॅकअप होत नाही. वाटण्या दोन असल्या तरी शेत एकच आहे. दुष्काळ पडला की दोन्ही हिस्से करपतात. डिस्क बंद पडली, लॅपटॉप चोरीला गेला, एसटीत विसरला, तर डी काही सीट धरून मागे थांबत नाही.

आता माझ्या पुण्यातल्या मित्रांकडे वळतो, कारण खरा राग त्यांच्यावर आहे. हे सगळं त्यांना सांगितलं की ते सुस्कारा सोडून म्हणतात, "अरे, आता पार्टिशन कोण करतं? एक एसएसडी, एक पार्टिशन, डेटा क्लाउडवर. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. युजरला हे कळायची गरजच काय?"

गरज काय, ते मायक्रोसॉफ्टला विचारा. ९ जानेवारी २०२४ला त्यांनी विंडोज १० साठी केबी५०३४४४१ नावाचा सुरक्षेचा अपडेट काढला. तो असंख्य मशीनवर बसेना. कारण त्याला रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि अनेक ठिकाणी तेवढी नव्हती. हे रिकव्हरी पार्टिशन कुणी पाडलं होतं? लोकांनी नाही, विंडोजच्याच सेटअपने, कुणालाही न विचारता. आणि मायक्रोसॉफ्टने त्यावर दिलेला उपाय काय होता? काळी खिडकी उघडा, आज्ञा टाइप करा, सी २५० एमबीने आक्रसून घ्या, रिकव्हरी पार्टिशन डिलीट करा, पुन्हा बनवा. ज्या माणसाला चाळीस वर्षं सांगितलं की तुला यातलं कळायची गरज नाही, त्याच्याच हातात शेवटी मोजणीची साखळी दिली. एक आकडा चुकला असता तर? तेव्हा नेक्स्ट-नेक्स्टवाले कुठे होते?

क्लाउडचंही तसंच. गुगल फुकटात १५ जीबी देतं, मायक्रोसॉफ्ट ५. आमच्या गावातल्या फोटो स्टुडिओवाल्याच्या एका लग्नाचं शूटिंग त्यात बसत नाही. आणि बसलं, तरी ते वर चढवायला मे महिन्याची लग्नसराई पुरायची नाही. गावाला क्लाउडची पावसाळ्यापुरतीच खात्री असते, तीही हल्ली राहिलेली नाही.

एक गोष्ट मी प्रामाणिकपणे मान्य करतो. तांत्रिकदृष्ट्या मित्रांचं अर्धं बरोबर आहे. बहुतेक घरगुती मशीनना एकच मोठं पार्टिशन पुरतं. मी स्वतः फेडोरा वापरतो. त्यात २०२०च्या ऑक्टोबरात आलेल्या ३३व्या आवृत्तीपासून डेस्कटॉपसाठी बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम ठरून आलेली असते. तिच्यात सिस्टिम आणि तुमचं होम यांची खाती वेगळी, पण जागा एकच. बांध नाही, विहीर सामाईक. मग सीला किती आणि डीला किती हा प्रश्नच उरत नाही, आणि जपून केलं तर सिस्टिम नव्याने टाकतानाही होम शाबूत ठेवता येतं. तेव्हा माझं म्हणणं चार पार्टिशन पाडा असं नाहीच. एक पाडा नाहीतर सात पाडा, पण ठरवताना मालक समोर बसलेला असू द्या. पुण्यातला इंजिनिअर एकच पार्टिशन ठेवतो तेव्हा त्याने ते ठरवलेलं असतं, आणि कपाटात बाहेरची एक डिस्क असते. मामांचं तसं नव्हतं.

आता लिनक्सच्या बाजूचा धोका, कारण 'विंडोज सोडा, उबुंटू टाका' असं सांगणाऱ्यांत मीही एक आहे. उबुंटूच्या इन्स्टॉलरमध्ये ठळक पर्याय असतो, डिस्क पुसून उबुंटू टाका. तो जे बोलतो तेच करतो. सगळी डिस्क. सी, डी, ई, रिकव्हरी, कीर्तनं, सगळं. लिनक्सच्या माणसाला हे उघड वाटतं. पण ज्याच्या डोक्यात वीस वर्षं 'फॉरमॅट मारला तरी डी वाचतो' हे पक्कं बसलंय, तो त्या बटणाचा अर्थ 'सी पुसून' असाच लावतो. हल्ली दुकानांतही 'लिनक्स टाकून देतो' सुरू झालं आहे. जुनी श्रद्धा आणि नवं बटण, यांची गाठ पडली की काय होतं ते मी एका शिक्षकांच्या लॅपटॉपवर पाहिलं. वर्गाचे पंधरा वर्षांचे फोटो होते त्यांच्याकडे, खास वेगळ्या ई ड्राइव्हमध्ये जपून ठेवलेले.

मान्य आहे, इन्स्टॉलर धोक्याची सूचना देतो. पण कोणत्या भाषेत? विंडोजचं सेटअप मराठीत येत नाही. आत गेल्यावर मराठीचा पॅक मिळतो, म्हणजे जमिनीचा निकाल इंग्रजीत लागल्यावर वॉलपेपरवर मराठी बोलता येतं. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये मात्र भाषांच्या यादीत मराठी आहे, आणि ज्या मंडळींनी पदरचा वेळ घालून ते भाषांतर केलं त्यांना दंडवत. तरी एक तक्रार आहे. आपण तंत्रज्ञान मराठीत आणताना पार्टिशनला 'विभाजन' म्हणतो. आष्टीत विभाजन पेशींचं होतं, तेही शाळेच्या पुस्तकात. घरात होते ती वाटणी. 'या हिश्श्यातलं सगळं पुसलं जाईल, पुढे जाऊ?' असं पडद्यावर आलं असतं तर मामांनी दुकानदाराचा हात धरला असता, याबद्दल मला जराही शंका नाही.

दुकानदाराला खलनायक करायची माझी इच्छा नाही. तीनशे रुपयांत तो दिवसाला सात-आठ मशीन काढतो, ग्राहक 'लवकर द्या' एवढंच सांगून जातो, आणि त्याला हे काम शिकवणाराही असाच कुणीतरी दुसरा दुकानदार होता. मग आम्ही पदवीवाले? इंजिनिअरिंगला ऑपरेटिंग सिस्टिम हा पूर्ण विषय होता. डिस्क शेड्युलिंगची गणितं आम्ही ढिगाने सोडवली. डिस्कचा हेड त्रेपन्नाव्या सिलिंडरवर आहे, पुढच्या मागण्या अशा अशा आहेत, तर लिफ्टच्या पद्धतीने तो एकूण किती सरकेल? दहा मार्क. फिरणारा हेडच नसलेल्या एसएसडीच्या जमान्यात. पण एका विद्यार्थ्याला एक जुनी डिस्क देऊन 'हिची वाटणी कर, सिस्टिम टाक, मग मुद्दाम तक्ता पूस आणि परत उभा कर' असं चार वर्षांत कुणी सांगितलं नाही. दुपारभराचं काम आहे. त्यातून जे कळतं ते दहा मार्कांच्या गणितातून कळत नाही. सामान्य माणसाला हे झेपणार नाही असं आम्ही म्हणतो, त्यात 'आम्हालाही कुणी दाखवलेलं नाही' हे किती असतं, कुणास ठाऊक. वाटणीपत्रातले चार हिस्से, वहिवाट, सामाईक पाट आणि पोटखराबा तोंडपाठ असणाऱ्या माणसाला चार ओळींचा तक्ता झेपणार नाही?

आता तो नावाचा घोळ. आष्टी तीन-तीन आहेत, म्हणून नुसत्या नावावर पाठवलेलं पार्सल बीडला फिरून येतं. पिन कोड लिहावा लागतो. इन्स्टॉलच्या पडद्यावर हीच गत असते. तिथे सी आणि डी ही अक्षरं नसतातच. 'ड्राइव्ह ० पार्टिशन ३' असलं काहीतरी असतं. लिनक्समध्ये एसडीए, एसडीबी. ही नावं केबल कुठे लावली, कोणती डिस्क आधी जागी झाली, यावर बदलू शकतात, म्हणून लिनक्स आतल्या आत प्रत्येक पार्टिशनला एक लांबलचक यूयूआयडी देऊन ठेवतं, पिन कोडसारखा. माणसाला तो पाठ होणार नाही, पण आकार लक्षात राहतो. इन्स्टॉल करायच्या आधी चालू मशीनवर डिस्क मॅनेजमेंटची खिडकी उघडून फोनवर एक फोटो काढा. कोणता तुकडा किती जीबीचा, ते त्यात दिसतं. मशीनमध्ये दोन डिस्क असतील, जुनी फिरती आणि नवी एसएसडी, तर सिस्टिम टाकताना जुनीची केबल सरळ काढून ठेवायला सांगा. नाहीतर विंडोज एसएसडीवर आणि बूट होण्याचा भाग जुन्या डिस्कवर, असा सवतासुभा होतो, आणि वर्षभराने जुनी डिस्क काढली की मशीन सुरूच होत नाही. शिवाय जी डिस्क जोडलेलीच नाही ती चुकून पुसता येत नाही.

आणि डीवर श्रद्धा असेलच, तर ती सार्थकी लावा. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स या फोल्डरवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन बदलता येतं. ते डीमध्ये हलवा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते शोधा आणि शक्य असेल तर तोही हलवा. मग दर शनिवारी एका बाहेरच्या डिस्कवर नाहीतर पेन ड्राइव्हवर प्रत. मामा आता हे करतात. पेन ड्राइव्ह देव्हाऱ्यात ठेवतात, पण ते त्यांचं त्यांच्यापाशी.

हे सगळं जुनं झालं म्हणावं असं एक नवं संकट दाराशी आहे. २०२४च्या अखेरीस आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून, नव्याने सिस्टिम टाकताना मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की पुष्कळ मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. एन्क्रिप्शन. होम आवृत्तीतसुद्धा. चोरीच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट आहे. कुलपाची किल्ली ४८ आकडी असते आणि ती ज्या खात्याने लॉगिन केलं त्या खात्यात जमा होते. आता दुकानात काय होतं ते आठवा. तुम्ही समोर नसता, तुमचा ईमेल पासवर्ड तुम्हालाच आठवत नसतो, सेटअप खातं मागत असतं, संध्याकाळपर्यंत मशीन द्यायचं असतं. दुकानदार आपला ईमेल टाकतो. त्यात त्याचा वाईट हेतू काहीच नसतो. पण तेवढ्यात डिस्कची किल्ली त्याच्या खात्यावर चढलेली असते. वर्षभराने मदरबोर्ड बदलला, किंवा बायोसमध्ये काही हललं, की मशीन निळा पडदा दाखवून ती ४८ आकडी किल्ली मागतं. तोवर दुकान बंद झालेलं असतं, किंवा दुकानदाराला तो ईमेल आठवत नसतो. इथे रिकव्हरी सॉफ्टवेअर, पुण्यातला भाचा, कुणी काही करू शकत नाही. गणितच तसं आहे. शेत तुमचं, कसणारे तुम्ही, आणि उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं.

हे असं लॉक झालेलं मशीन आष्टीत अजून माझ्यापुढे आलेलं नाही. येणार आहे, बहुधा पुढच्या एक-दोन दिवाळ्यांत.

तोवर एवढं करा. सिस्टिम नव्याने टाकायची असेल तर त्या पडद्यापाशी स्वतः बसा. दुकानदाराला म्हणा, भाऊ, यादी आली की हाक मार, मी इथेच आहे. कोणता तुकडा पुसतोयस ते बोट ठेवून दाखव. खातं टाकायची वेळ आली की माझं टाक, नसेल तर आधी माझं काढू. आणि मशीन घरी आलं की सेटिंगमध्ये जाऊन डिस्क एन्क्रिप्ट झाली आहे का ते पाहा. झाली असेल तर ती ४८ आकडी किल्ली कागदावर उतरवून घ्या, दोनदा ताडून पाहा, आणि तो कागद ट्रंकेत सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा.